मख्ख की नाटकी

५ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद. ते फुकट असतात, म्हणून आधीच देऊन टाकते.

जाताना तू म्हणालीस, फोन करू नका. पत्राचं काही बोलली नव्हतीस, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हा ते जसं होतं तसंच आहे, फक्त हात म्हातारा झाला. फोन तसाही मला नको. तुझा बाप शेजारी उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतो आणि फोन ठेवला की विचारतो, कोण होतं.

पत्र काचवाल्या टेम्पोबरोबर पाठवतेय. तो आपल्या दुकानात काच उतरवून पुढे तुझ्या शहरात जातो, आणि तू काम करतेस त्या फ्रेमवाल्यालाही तोच काच देतो. मी विचारलं नव्हतं. चहा पाजला, त्यानं सांगितलं.

आता कामाचं. आपण हे घर सोडतोय. घर झेपत नाही असं तुझा बाप म्हणत नाही, "एवढं मोठं घर हवंय कशाला" असं म्हणतो. मार्च संपता संपता सामान हलेल. नवं घर दुकानामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याला कठडा आहे, एवढंच त्याचं कौतुक. एक खोली कमी आहे. कुठली कमी, ते तुला सांगायला नको. खिडकी म्हणावी अशी एकच, तिच्या कट्ट्यावर एक कुंडी मावते. दुसरी न्यायची तर माझ्या डोक्यावर ठेवावी लागेल.

आणि तुझ्या कुंड्या दोन.

दोन्ही एकदम घेऊन आली होतीस. दुकानात फ्रेमा जोडून हाताला गोंद तसाच, आणि दोन काखांत दोन कुंड्या. टेबलावर ठेवून म्हणालीस, "आजी, नर्सरीवाला म्हणालाय, घरी नेऊन बघा, एक ठेवा, एक परत करा. कुठली ठेवू?" मी विचारलं, खायला काय येतं त्यांना? तू म्हणालीस, काही नाही. मी म्हटलं, मग दोन्ही परत कर. तू हसलीस आणि दोन्ही ठेवून घेतल्यास. निवडायचं राहिलं ते राहिलंच.

नावं सांगितली होतीस तू. एकीचं पीस लिली. दुसऱ्याचं झीझी. मी म्हटलं, हे झाडाचं नाव की रातकिड्याचं. मग मी आपली माझी नावं ठेवली. लिली ती नाटकी. एक दिवस पाणी चुकलं की सगळी पानं कुंडीबाहेर टाकून मेल्यासारखी पडणार, घरभर धावपळ, आणि तांब्याभर पाणी मिळालं की तासाभरात उठून उभी, वर पांढरं फूल काढून दाखवणार. दुसरा तो मख्ख. जाड देठ, तेल चोपडल्यासारखी पानं, वाढल्याचं दिसत नाही आणि सुकल्याचंही दिसत नाही. तू त्याला तुझ्या खोलीत कपाटाआड ठेवलंस. मी म्हटलं, अगं तिथं ऊन नाही. म्हणालीस, "त्याला चालतं. त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठवतो आणि त्यावर दिवस काढतो." तू गेल्यावर तुझ्या आईनं त्याला बाहेरच्या खोलीत आणून नाटकीशेजारी ठेवलं.

आता तुझी आई म्हणते, एकच न्यायची. तुझा बाप म्हणतो, एकही नको. तुझे भाऊराया, आमचे युवराज, म्हणतात प्लास्टिकचं आणू, पुसलं की झालं.

झाडं तुझी आहेत. कुठलं न्यायचं ते तू सांग. आणि हो, तुझी खाट न्यायची की मोडीत काढायची, हेही तुझी आई विचारत होती. म्हणजे तोंड भिंतीकडे होतं, पण भिंतीला काय कळणार, म्हणून मी तुला विचारते. यायचं असेल तर सामान हलायच्या आधी कळव. नंतर खाटेला जागा उरणार नाही.

मी बोलावत नाहीये. झाडाचं विचारतेय.

आजी


२१ फेब्रुवारी

भिंगरे,

टेम्पोवाला दोनदा येऊन गेला, दोन्हीदा हात हलवत. म्हणाला, "पत्र दिलं आजी. तिनं खिशात टाकलं." मी विचारलं, वाचलं का. म्हणाला, "तेव्हा तिच्या हातात काच होती." बरं. हातात काच असताना दुसरीकडे बघू नये, एवढं तुझ्या आजोबांनी तुला शिकवलेलं दिसतंय.

त्यानं बसून तुझं कौतुक केलं. म्हणे तिथला मालक तुला विचारल्याशिवाय काच मागवत नाही. मोठा आरसा आला की बाकीचे मागे सरतात आणि तुला हाक मारतात. मी म्हटलं, बाबा, हे तू मला सांगतोस? ही पोर स्टुलावर चढून काच कापायची. एक रेघ, एक टिचकी, आणि काच अशी दोन बाजूंना व्हायची जशी काही तिला आधीपासूनच वेगळं व्हायचं होतं.

तुझ्या भावाची काच तशी होत नाही. तो काच कापत नाही, काचेशी भांडतो. आजोबांचा तो लाकडी मुठीचा, काच कापायचा हिरा, तू काउंटरवर ठेवून गेलीस तो, हा असा दाबतो की रेघ जाते एकीकडे आणि काच फुटते भलतीकडेच. मागच्या आठवड्यात एक म्हातारा आला. बायकोचा फोटो होता, एकुलता एक असेल. काचेचा तुकडा उडाला आणि फोटोवर गालापासून कानापर्यंत चरा. युवराज म्हणाले, "काका, लांबून दिसत नाही." म्हातारा म्हणाला, "मी जवळून बघतो रे." आणि फोटो घेऊन गेला. तुझा बाप मागून म्हणतो, शिकेल हळूहळू. पोरगा एकोणतीस वर्षांचा आहे. दाढ पडायच्या आत शिकला म्हणजे मिळवली.

तू पाटीवरून गेलीस, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी तिथंच होते. पेंटर शिडीवर, दुकानाच्या नावाखाली 'आणि मुलगा' लिहून ब्रश धूत होता. तू खाली उभी, हातात हिरा. बापाला विचारलंस, "आणि मी?" तो म्हणाला, "तू आहेसच की." एवढंच. तू हिरा काउंटरवर ठेवलास, घरी येऊन बॅग भरलीस, आणि दारात मला म्हणालीस, "तू पण गप्प बसलीस, आजी."

त्या आठवड्यात माझी कवळी दुरुस्तीला गेली होती. बिनदातांचं माणूस काय बोलणार. आणि बोलले असते तरी तुझ्या बापानं ऐकलं असतं का? लहान असताना दूध पी म्हटलं तरी त्यानं कधी ऐकलं नाही.

असो. नाटकीनं फूल काढलंय, येणारे-जाणारे बघून वा वा करतात. मख्ख तसाच आहे, पण खालची दोन पानं पिवळी दिसतात. वय झालं असेल.

कुठलं न्यायचं, कळव. दुसऱ्यांदा विचारतेय. तिसऱ्यांदा विचारायची मला सवय नाही.

आजी


४ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. तुझंच तुला परत लिहून दाखवते, म्हणजे किती हात सैल सोडलायस ते कळेल:

"आजी, मख्खला पाणी अगदी कमी. माती पूर्ण कोरडी झाली की मगच. नाटकीला रोज चालतं. कुठलंही न्या, मला दोन्ही नकोत. खाट मोडीत द्या. काच अजून फुटते का?"

'कशी आहेस' हे दोन शब्दांत मावतं. शाई संपली होती तर सांगायचंस, टेम्पोबरोबर पाठवली असती.

पण शेवटची ओळ मी नीट वाचली. वरचं सगळं तू मला लिहिलंस, ते एक वाक्य तेवढं तू दुकानाला लिहिलंस. तर हो, फुटते. टेम्पोवाला म्हणतो, इतर दुकानांतून तुटकी काच परत येते, तुमच्याकडून चुरा येतो.

तुझ्या आईला सांगितलं, खाट मोडीत द्या म्हणते. ती "बरं" म्हणाली आणि घासून पालथं घातलेलं पातेलं परत घासायला घेतलं. पाठमोरीच विचारलं, "आणखी काय म्हणते?" मी म्हटलं, "त्या मख्खला पाणी कमी घाला म्हणते." तर फटकन वळली. "मी कुठं घालते?"

कुणी म्हटलं होतं, तू घालतेस म्हणून? माणसाचं काही कळत नाही.

त्या झाडाचं लक्षण मात्र बरं दिसत नाही. पिवळी पानं वाढली, आणि देठ बुडाशी दाबला तर मऊ लागतो, उतरलेल्या केळ्यासारखा. मी म्हटलं, तहानलं असेल बिचारं, म्हणून शुक्रवारी पेलाभर पाणी घालते. पेलाभर म्हणजे काही बादली नव्हे. तुझ्या बापाला म्हटलं, झाडाकडे जरा बघ. तो म्हणाला, "मला कुठं वेळ आहे झाडं बघायला." आणि कान लाल.

तुझ्या आईचं आता ठरत आलंय की नाटकीच न्यावी. म्हणते, निदान फूल तरी येतं. मीही हो म्हणणार होते, पण म्हटलं, झाड मरतंय म्हणून टाकायचं आणि आवडलं नाही म्हणून टाकायचं, यात फरक आहे. आधी ते का मरतंय ते कळू दे.

सोमवारी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. ये म्हणत नाही. काढणार डॉक्टर, तू येऊन काय कंदील धरणार आहेस?

आजी


१३ मार्च

भिंगरे,

एका डोळ्यानं लिहितेय. ओळी डोंगर चढल्या तर समजून घे.

मख्ख कशानं मरतोय ते कळलं. सांगते, पण आधी बस.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं बजावलं, थेंब घालायचे आणि डोळे मिटून पडून राहायचं. माझ्या खोलीत खोकी रचलीत, म्हणून मला बाहेरच्या खोलीत झोपवलं, तुझ्या दोन कुंड्यांच्या शेजारी. आता गंमत अशी, की म्हातारीनं डोळे मिटले म्हणजे ती झोपली, आणि झोपली म्हणजे बहिरीही झाली, असं या घरात सगळ्यांना वाटतं. मी आपली पापणीला फट ठेवून पडले होते. डावा डोळा अजून माझाच आहे.

सकाळी तुझा बाप आला. चपला हातात, पाऊल दाबून, चोर घरातलाच. दुसऱ्या हातात दाढीचा मग. इकडेतिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मगभर पाणी मख्खला घातलं. मग एका पानावरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं, काचेवरची धूळ बघतो तसं. आणि चपला घालून गेला.

दुपारी तुझी आई. भाजी धुतलेलं पाणी, मोठ्या वाडग्यात. ती तर झाडाशी बोलली. "पी," म्हणाली, "पी आता." जसं काही ते तापानं पडलंय.

मला वाटलं संपलं. तर युवराज जेवून उठले, फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली, आणि उरलेलं गार पाणी ओतलं कुंडीत. तो पठ्ठ्या, ज्यानं स्वतःचं ताट कधी उचललं नाही. कुंडीखालची बशी तुडुंब भरली होती, ती त्यानं पायानं भिंतीकडे सरकवली.

आणि वर दर शुक्रवारी पेलाभर. तो कुणाचा, ते तुला ठाऊक आहे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मीही उठून बसले.

"ते झाड कुणी मारलं?" मी विचारलं.

"आई, तुला डोळे मिटून पडायला सांगितलंय," तुझा बाप म्हणाला.

"डोळे मिटलेत. तोंडाचं डॉक्टर काही बोलला नाही. कुणी मारलं?"

मग मीच एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, दाढीचा मग कुणाचा, वाडगा कुणाचा, बाटली कुणाची. युवराज पुटपुटले, "मला वाटलं, कुणी घालत नसेल." तुझी आई म्हणाली, "मला वाटलं, ह्यांच्या लक्षात नसेल." तुझा बाप ताटात बघून म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही सगळे विसरलात."



तुझं नाव या घरात काढायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप ठरलं. नाव काढायचं नाही, म्हणून झाडाला पाणी घातलं का ते विचारायचं नाही. विचारायचं नाही, म्हणून प्रत्येकानं गुपचूप घातलं. चौघांनी मिळून एक झाड बुडवलं, आणि तेही असं, ज्याला पाण्याची गरजच नव्हती.

आता तिथं बसून डोळे पुसू नकोस. तुझ्या आईनं इथं पुसलेत, तेवढे पुरेत. यांना एवढाच जिव्हाळा होता, तर एकानं जाऊन त्या पाटीवर ब्रश मारला असता. पाणी घालायला काय, नळ घरातच आहे.

आजी


१७ मार्च

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक आहे. तिकडील ठीक असावे. झाले गेले विसरून घरी यावे. दुकानात काम पुष्कळ आहे व काच कापण्यास भरवशाचे माणूस नाही. दुकानाच्या मागील बाजूस तुझ्यासाठी वेगळे टेबल करून देतो, वर चांगला दिवा लावून देतो. गिऱ्हाइकाकडे तुझा भाऊ बघेल, तुला कटकट राहणार नाही. नव्या घरात तुझी खाट बसते, मापे घेतली आहेत. वाट पाहत आहोत.

तुझे वडील

वरचं तुझ्या बापानं सांगितलं आणि मी लिहिलं. म्हणजे पत्रं जातात हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. टेम्पोवाला चहा त्याच्याही हातचा पितो, मेला. तो आता मोजपट्टी ठेवायला आत गेलाय, तोवर खालचं माझं.

खाटेचं माप त्यानं खरंच घेतलं. नव्या घरात गुडघे टेकून, भिंतीला गाल लावून घेतलं. बसेना, तर कपाट अर्धं दाराबाहेर काढायचं ठरवलं. तुझ्या आईनं तुझी चादर धुऊन वाळत घातलीय. युवराजसुद्धा म्हणाले, "आली तर बरं होईल." जे आहे ते सांगते, खोटं सांगायचं वय गेलं.

'वाट पाहत आहोत' हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. तेही सांगून ठेवते.

पण मला तुझ्या बापाला एक विचारायचंय. इथं नाही, दुकानात, पाटीखाली उभं करून. उत्तर मिळालं की कळवते. तोवर बॅग भरू नकोस.

आला तो.

आजी


२९ मार्च

भिंगरे,

काल सामान हललं. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी माझ्या पायांनी चढले. युवराजांनी उचलून नेऊ का विचारलं, मी म्हटलं, तू काच उचल आधी नीट.

विचारलं मी. परवा दुकानात गेले, कवळी लावून आणि नवा डोळा घेऊन. रस्त्याच्या कडेला खुर्ची मागितली आणि पाटीसमोर बसले. इतके दिवस ती पाटी मला धुरकट दिसायची. आता 'आणि मुलगा' इतकं स्वच्छ दिसतं की पेंटरचा हात कुठं थरथरला तेही कळतं.

तुझ्या बापाला हाक मारली. म्हटलं, "ती आली तर इथं काय लिहिणार?"

"आई, पाटीचा काय संबंध आता?"

"पेंटर कोपऱ्यावरच बसतो. दोन शब्दांना त्याला किती वेळ लागेल?"

"जागा कुठं आहे? बघ की तूच. इकडे फोन नंबर, इकडे फुलं काढलेली चौकट."

"'मुलगा' पुसला की होते जागा."

तो हसला. गिऱ्हाइकाशी हसतो तसा. "आणि उद्या ती लग्न करून गेली, की परत रंगवायची?"

"आणि हा दुकान बुडवून बसला, की?"

आत काहीतरी फुटलं. युवराज ऐकत असणार, किंवा नुसतीच काच कापत असणार. तुझा बाप खाली बसला, माझ्या खुर्चीशी, आणि अगदी हळू म्हणाला, "आई, तिला काम हवं, मी देतो. राहायला हवं, खाटेला जागा केली. टेबल देतो, दिवा देतो. आणखी काय हवं असतं माणसाला?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. तो लबाडी करत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. दाढीचा मग घेऊन कुंडीपुढे उभा होता तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता.

तर भिंगरे, येऊ नकोस.

तुझ्या बापाचं पत्र मी लिहिलं, ते खोटं नाही. आलीस तर रडतील, जेवू घालतील, तुझ्या ताटात आधी वाढतील. आणि दोन दिवसांनी मागच्या टेबलाशी बसवतील आणि म्हणतील, हिला काय, हिला अंधारातही चालतं. आणि तुलाही चालेल, हीच मला भीती आहे. तू आपली आतल्या आत साठवून दिवस काढशील. तिथं आरसा आला की लोक तुला हाक मारतात. ते सोडून इथं यायला सांगायचं, तर मला परत बिनदातांचं व्हावं लागेल.

झाडाचं सांगते, कारण मूळ प्रश्न तो होता.

मख्खची कुंडी मी गच्चीत नेऊन उपसली. असा वास सुटला की तुझी आई नाक दाबून खाली पळाली. कंद सगळे कुजलेले, हातात साबणासारखे पिचले. एक तेवढा राहिला होता, कुंडीच्या कडेला, जिथं पाणी पोचलं नसावं. लिंबाएवढा, टणक, आणि त्याला एक देठ, चार हिरवी पानं. तो मी कागदात गुंडाळून कपाटावर ठेवला. कुणी विचारलं की सांगायचे, माझं औषध आहे. आता लहान कुंडीत कोरड्या मातीत लावलाय आणि टेम्पोबरोबर तुझ्याकडे पाठवतेय. तू म्हणाली होतीस, तुला नको. नको असलं तरी घे. या घराला त्याला कोरडं ठेवणं जमत नाही.

खिडकीत नाटकी ठेवली. या घरात तीच शोभते. ती मान टाकते, हे धावतात, ती उठते, यांना बरं वाटतं. युवराज असेच वाढले, ही पण वाढेल.

खाट मोडीत दिली, पण माझी. तुझ्या खाटेवर मी झोपते. एवढं माप घेतलेलं वाया कशाला घालवायचं. जरा कुरकुरते, पण मीही कुरकुरते, आम्हा दोघींचं जमतं.

तुझा बाप काल संध्याकाळपासून आजोबांचा हिरा शोधतोय. सामानात गेला असेल म्हणतो. बांधलेली खोकी सोडून बसलाय, प्रत्येक फडकं झटकून बघतो. मला विचारलं, "आई, तुला दिसला का?" मी म्हटलं, माझा एक डोळा अजून कच्चा आहे, मला काय विचारतोस. दुकान त्याच्या नावावर असेल. हिरा तुझ्या आजोबांचा, म्हणजे त्यांच्यामागं माझा, आणि माझी वस्तू कुणाला द्यायची ते मला कुठल्या पाटीवर लिहावं लागत नाही.

टेम्पोवाल्याला बजावलंय, कुंडी आडवी होऊ देऊ नको. तुलाही बजावते. पाणी घालायच्या आधी माती पार तळापर्यंत उपस, बेतानं, बोट कापेल. दोन फडक्यांत गुंडाळलंय. मुठीच्या लाकडाला ओल चालत नाही.

आजी